मुंबई-पुणे विमान आणि नऊ मिनिटांचं गणित

मुंबई आणि पुणे या दोन विमानतळांमधलं सरळ अंतर साधारण १२४ किलोमीटर. जेट विमानाचा वेग ताशी ८०० ते ८५० किलोमीटर. भागाकार केला की उत्तर येतं नऊ मिनिटं! वेळापत्रकात मात्र या प्रवासाला तासाभराच्या आसपास वेळ धरतात. ऑनलाइन अंतर-गणक यावर तोडगा म्हणून सरसकट अर्धा तास मिळवून मोकळे होतात. तो अर्धा तास जातो कुठे, हे ते सांगत नाहीत.

जमिनीवर अंतर वाढतं ते घाटामुळे. सीएसएमटीहून पुणे रेल्वेने १९२ किलोमीटर, कारण रूळ कल्याण-कर्जतचा वळसा घेऊन बोरघाट चढतात. ३७ फूट पुढे जाताना एक फूट वर, असा तिथला चढ. म्हणून तर कर्जतला गाडीला मागून ढकलणारी जादा इंजिनं, म्हणजे बँकर, लावायची पद्धत पडली. विमानाला घाट नडत नाही, पण वारा नडतो.

विमान शक्यतो वाऱ्याकडे तोंड करून उडतं आणि तसंच उतरतं. पंखांवरून हवा जितकी जोरात वाहील तितकी उचल जास्त, धावपट्टी कमी लागते. मुंबईत वर्षातला बराच काळ वारा समुद्राकडून येतो, त्यामुळे मुख्य धावपट्टीवरून उड्डाण होतं पश्चिमेला. पुणे आग्नेयेला आणि आपण निघालो जुहूच्या समुद्राकडे! मग वळून मागे यायचं. पुण्याच्या लोहगाव विमानतळाची धावपट्टीही जवळजवळ पूर्व-पश्चिमच. तिथेही पश्चिमेचा वारा असला की शहर ओलांडून पुढे जायचं आणि पूर्वेकडच्या वाघोलीच्या बाजूने परत फिरून उतरायचं. १२४ किलोमीटर इथेच मोडीत निघतात.

खरी गोम मात्र उंचीची आहे. वैमानिकांचा एक ढोबळ हिशेब असतो: हजार फूट खाली यायला तीन सागरी मैल. ३५ हजार फुटांवरून उतरायचं तर १०५ सागरी मैल, म्हणजे जवळपास १९५ किलोमीटर. नुसतं उतरायलाच मुंबई-पुण्यापेक्षा जास्त अंतर हवं! तेव्हा विमान तेवढं चढतच नाही. आणि तो ८०० चा वेग असतो वरच्या विरळ हवेतला. ३५ हजार फुटांवर हवेची घनता समुद्रसपाटीच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी असते. खालच्या दाट हवेत तो वेग मिळत नाही, शिवाय दहा हजार फुटांखाली सहसा २५० नॉट, म्हणजे ताशी ४६३ किलोमीटरची मर्यादा. चढण संपते न संपते तोच उतरणीची तयारी.

यात जमिनीवरचा वेळ मिळवा. वेळापत्रकातला आकडा हवेतला नसतोच. विमान जागेवरून हललं तिथपासून दुसरीकडे थांबेपर्यंतचा असतो. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे दोन्ही एकाच वेळी मोकळेपणाने वापरता येत नाहीत आणि रांग लागते. लोहगाव तर मुळात हवाई दलाचा तळ, तिथे प्रवासी विमानांना लष्करी उड्डाणांमधून वाट काढावी लागते.

त्यात विमानतळावर दोन तास आधी पोहोचायचं, म्हणजे नुसत्या मुंबई-पुण्यासाठी तीन तासांच्या थोडं वर घेणारी डेक्कन क्वीनच बरी. हे विमान परवडतं ते एकाच तिकिटावर मुंबईहून पुढे परदेशी जाणाऱ्याला.