अमेरिकेतले बोटवाले आणि जीपीएसचा गोंगाटी शेजारी

५ जानेवारी २०२५ रोजी लिगाडो नेटवर्क्स या अमेरिकी दूरसंचार कंपनीनं दिवाळखोरीचा अर्ज केला. बातमी अर्थविषयक पानांवर आली आणि तिथेच राहिली. अमेरिकेच्या किनाऱ्यांवर, नद्यांत आणि तळ्यांत हौसेनं बोट चालवणाऱ्यांसाठी मात्र हा चौदा वर्षं चाललेल्या एका भांडणाचा टप्पा होता. भांडणाचा विषय म्हणजे त्यांच्या जीपीएसच्या शेजारी कोणी राहायचं, आणि किती आवाजात.

अशा वादात विमान कंपन्या, लष्कर, शेतकरी संघटना उतरल्या तर नवल नाही. सुटीच्या दिवशी मासेमारीला किंवा शिडाची बोट घेऊन जाणारे लोक त्यात कसे आले, हे समजायला थोडं मागं जावं लागतं.

बोटीवर जीपीएस म्हणजे पडद्यावरचा नकाशा एवढंच नाही. ऑटोपायलट त्याच्यावर चालतो. व्हीएचएफ रेडिओवरचं लाल झाकणाखालचं बटण दाबलं की जो संकटसंदेश जातो, त्यात बोटीचा ठिकाणा जीपीएस भरतं. (अर्थात रेडिओ आणि जीपीएस यांच्यात वायर जोडलेली असेल तर. कित्येक मालक ती जोडतच नाहीत, ही तटरक्षक दलाची जुनी तक्रार.) आसपासच्या जहाजांना आपण कुठे आहोत हे कळवणारी एआयएस यंत्रणा तर जागेबरोबर वेळही जीपीएसकडूनच घेते. एक सिग्नल गेला की या सगळ्या गोष्टी एकदम लंगड्या होतात.

असं पूर्वी नव्हतं. १९७० आणि ८०च्या दशकांत किनाऱ्यावरच्या बोटींचा भरवसा लॉरन-सी या यंत्रणेवर होता. जमिनीवरचे उंच मनोरे १०० किलोहर्ट्झवर, कित्येकशे किलोवॉटच्या ताकदीनं स्पंदनं सोडायचे. मनोऱ्यांच्या दोन-दोन जोड्यांची स्पंदनं किती मायक्रोसेकंदांच्या फरकानं पोचतात त्यावरून जागा ठरायची. अचूकता आजच्या मानानं बेताची, पण एकदा सापडलेल्या जागी परत नेऊन सोडण्यात लॉरन तरबेज होतं. बुडालेलं जहाज, खडक, मासे लागण्याची जागा यांचे लॉरनचे आकडे मच्छीमार वह्यांत लिहून ठेवत आणि जपत. त्या वह्या म्हणजे घरची इस्टेट.

जीपीएसचा पहिला उपग्रह १९७८ मध्ये गेला, तो अमेरिकी संरक्षण खात्याचा. १ सप्टेंबर १९८३ रोजी कोरियन एअरलाइन्सचं ००७ हे विमान वाट चुकून सोव्हिएत हद्दीत गेलं आणि पाडलं गेलं. त्यानंतर रेगन सरकारनं जाहीर केलं की ही यंत्रणा तयार झाली की नागरिकांनाही मोफत वापरता येईल. ती मिळाली, पण मुद्दाम घातलेल्या चुकीसकट. नागरी रिसीव्हरची जागा शंभरेक मीटरपर्यंत इकडेतिकडे व्हायची. मग त्याच सरकारच्या तटरक्षक दलानं किनाऱ्यावर डिफरेन्शियल जीपीएसची केंद्रं उभारून ती चूक दुरुस्त करून द्यायला सुरुवात केली. एका खात्यानं होडीत पाणी ओतायचं आणि दुसऱ्यानं ते उपसायचं, असा हा कारभार १ मे २००० पर्यंत चालला. त्या दिवशी क्लिंटन यांच्या आदेशानं मुद्दामची चूक बंद झाली आणि बोटवाल्यांना स्वस्त यंत्रावर काही मीटरांची अचूकता मिळू लागली.

लॉरन आता जुनाट ठरलं. ८ फेब्रुवारी २०१० रोजी तटरक्षक दलानं अमेरिकेतली बहुतेक लॉरन केंद्रं बंद केली, उरलेली त्याच वर्षी. अलास्कातल्या पोर्ट क्लॅरन्सचा ४११ मीटर उंच मनोरा एप्रिलमध्ये स्फोट करून पाडला. खर्च वाचला हे खरं. पण आकाशातल्या सिग्नलचं काही बिनसलं तर धरायला जी दुसरी दोरी होती, ती कापली गेली. आणि जेमतेम वर्षभरात बिनसण्याची वेळ आली.

जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवर असतात आणि त्यांची ताकद दिव्याच्या बल्बाशी तुलना करावी इतपत. जमिनीवर पोचेपर्यंत उरतो तो एका वॉटच्या दहा अब्जाव्या भागाचाही दहा लाखावा भाग. तो नैसर्गिक खरखरीखाली दबलेला असतो. रिसीव्हरला त्याची सांकेतिक ओळख आधीच ठाऊक असते म्हणून तो उकरून काढता येतो. तो बुजवायला फार काही लागत नाही. २००१ मध्ये कॅलिफोर्नियातल्या मॉस लँडिंग बंदरात बोटींचं जीपीएस बंद पडू लागलं. शोध घेता घेता लोक पोचले ते बंदरातल्याच बोटींवर बसवलेल्या टीव्ही अँटेनांपर्यंत. अँटेनातला सिग्नल वाढवणारा छोटा अॅम्प्लिफायर बिघडून जीपीएसच्याच फ्रिक्वेन्सीवर गुणगुणत होता. म्हणजे बोटवाल्यांचं जीपीएस बोटवाल्यांनीच बुजवलं होतं. बाहेरच्यांकडे बोट दाखवण्यापूर्वी हा प्रसंग लक्षात ठेवण्यासारखा आहे.

बिघाड नेहमी सरळ कळतो असंही नाही. २००८ मध्ये ब्रिटनच्या दीपगृह प्राधिकरणांनी फ्लॅमबरो हेडजवळ पोल स्टार या जहाजावर मुद्दाम जीपीएस बुजवून पाहिलं. जॅमरची ताकद दीड वॉटच्या आसपास. काही यंत्रांनी सिग्नल गेल्याचा इशारा दिला, पण काहींनी शांतपणे चुकीची जागा दाखवली, आणि ती खरी वाटावी इतपत होती. सुकाणूवर बसलेल्याला पडदा काळा झालेला परवडतो. त्याला निदान खिडकीबाहेर बघायचं सुचतं.

आता शेजाऱ्याकडे. नागरी जीपीएसचा मुख्य सिग्नल १५७५.४२ मेगाहर्ट्झवर असतो. त्याच्या खालचा १५२५ ते १५५९ मेगाहर्ट्झचा पट्टा उपग्रहावरून खाली येणाऱ्या दूरसंचारासाठी राखलेला होता. तोही तितकाच हलका, त्यामुळे दोघे शेजारी वर्षानुवर्षं एकमेकांना ऐकू न येता राहिले. रिसीव्हर बनवणाऱ्यांनी मधल्या भिंती, म्हणजे शेजारचा सिग्नल गाळून टाकणारे फिल्टर, पातळ ठेवल्या, कारण जाड भिंतीला खर्च येतो. २००३ मध्ये फेडरल कम्युनिकेशन्स कमिशन म्हणजे एफसीसीनं उपग्रह कंपन्यांना पूरक म्हणून जमिनीवर मनोरे उभारायची मुभा दिली. २०१० मध्ये हार्बिंजर कॅपिटल या गुंतवणूक फंडानं अशीच एक उपग्रह कंपनी घेतली आणि तिचं लाइटस्क्वेअर्ड झालं. २६ जानेवारी २०११ रोजी एफसीसीनं तिला आणखी एक सवलत दिली: तिचं जाळं वापरणारे फोन केवळ जमिनीवरच्या मनोऱ्यांशी बोलणारे असले तरी चालतील. पूरक गोष्ट मुख्य झाली. योजना होती सुमारे ४०,००० मनोऱ्यांची, एकेकाची प्रक्षेपणशक्ती दीड हजार वॉटपर्यंत.

सवलतीला अट होती की जीपीएसला त्रास होणार नाही हे आधी दाखवावं. मार्च २०११ मध्ये जीपीएस वाचवण्यासाठी एक युती उभी राहिली. रिसीव्हर कंपन्या, विमानवाहतूक, शेतीयंत्रांचे कारखानदार असे बडे लोक त्यात होते, आणि बोटमालकांच्या वतीनं बोटयूएस. १९६६ मध्ये व्हर्जिनियात सुरू झालेली ही संघटना पाण्यावर बंद पडलेल्या बोटी ओढून आणण्याच्या सेवेसाठी जास्त ओळखली जाते. तेव्हा तिचे पाच लाखांवर सभासद होते. देशात नोंदलेल्या बोटी त्या सुमारास १ कोटी २४ लाख. व्हीएचएफच्या लाल बटणाला लागणारा ओळखक्रमांक हौशी बोटींना देण्याचं कामही ती करते, म्हणून ते बटण जीपीएसशिवाय किती अर्धवट आहे, याची तिला चांगलीच कल्पना होती. एफसीसीनं चाचण्यांच्या अहवालावर ३० जुलैपर्यंत मतं मागवली तेव्हा बोटयूएसनं सभासदांना लिहायला लावलं.

मनोरे जमिनीवर असणार, म्हणून खोल समुद्रात त्रास कमी आणि किनाऱ्यालगत जास्त. बोटवाल्याला जीपीएसची मीटरामीटराची गरज मात्र नेमकी किनाऱ्यालगतच असते: खाडीच्या तोंडाशी, वाळूच्या दांड्यांमधून, मॅसॅच्युसेट्सपासून टेक्सासपर्यंत किनाऱ्याला समांतर जाणाऱ्या इंट्राकोस्टल जलमार्गाच्या अरुंद पात्रात. भर समुद्रात शंभर मीटरांची चूक पचते, बंदराच्या तोंडावर बोट खडकावर चढते. विमान कंपन्यांच्या आवाजात हा मुद्दा फारसा ऐकू आला नाही, पण मला तो साऱ्या वादातला सगळ्यात साधा आणि वजनदार मुद्दा वाटतो.

लाइटस्क्वेअर्डचं म्हणणं असं की आमचा सिग्नल आमच्या पट्ट्यातच आहे, तुमचे रिसीव्हर कुंपणापलीकडचं ऐकतात त्याला आम्ही काय करणार. हेही पोकळ नव्हतं. भिंती पातळ ठेवल्या त्या रिसीव्हर कंपन्यांनी. पण बोटीवरचं यंत्र लोक पंधरा-पंधरा वर्षं वापरतात, आणि भिंत कोणी किती जाड बांधली हे घेताना कुणी सांगत नाही. कंपनीनं पट्ट्याच्या जीपीएसपासून लांबच्या भागातच राहायची तयारी दाखवली. तरीही २०११च्या उत्तरार्धात सरकारनं घेतलेल्या चाचणीत सर्वसाधारण वापराच्या ९२ रिसीव्हरपैकी ६९ ना त्रास झाला. १४ फेब्रुवारी २०१२ रोजी सरकारच्या दूरसंचार सल्लागार संस्थेनं, एनटीआयएनं, यावर नजीकच्या काळात व्यवहार्य तोडगा नसल्याचं कळवलं. एफसीसीनं परवानगी गोठवायचा प्रस्ताव मांडला. त्याच वर्षी १४ मे रोजी लाइटस्क्वेअर्ड दिवाळखोरीत गेली.

इथे विषय संपला असं बहुतेकांना वाटलं. कंपनी २०१५च्या शेवटी दिवाळखोरीतून बाहेर आली, पुढच्या वर्षी लिगाडो झाली आणि गार्मिनसारख्या मोठ्या रिसीव्हर कंपन्यांशी तिनं समझोते केले. कालचे साथीदार असे बाजूला झाले. एप्रिल २०२० मध्ये, सारा देश घरात बसलेला असताना, एफसीसीनं पाच विरुद्ध शून्य मतांनी लिगाडोला परवानगी दिली. या वेळी मनोऱ्यांची ताकद १० वॉटच्या आत होती आणि जीपीएसच्या पट्ट्यापासून २३ मेगाहर्ट्झचं अंतर राखायचं होतं. संरक्षण आणि वाहतूक ही दोन्ही खाती विरोधात होती, तरीही.

बोटवाल्यांना खटकली ती आदेशातली एक बाब. सरकारी रिसीव्हरला त्रास झाला तर ते दुरुस्त करायची किंवा बदलून द्यायची जबाबदारी लिगाडोवर टाकली होती. खासगी मालकांसाठी तसं काही नव्हतं. जूनमध्ये नवी युती झाली, शेतकरी, छोट्या विमानांचे वैमानिक आणि बोटयूएस यांची. देशातले ९९ टक्क्यांहून जास्त रिसीव्हर सरकारबाहेरच्या लोकांकडे आहेत, असं तिचं म्हणणं होतं. म्हणजे भरपाईची तरतूद होती ती उरलेल्या एक टक्क्यासाठी. २०२१ मध्ये सिनेटर जिम इनहॉफ यांनी खासगी वापरकर्त्यांचा खर्चही कंपनीनं सोसावा असं विधेयक आणलं. ते पुढे सरकलं नाही.

त्याच जून २०२० मध्ये तटरक्षक दलानं डिफरेन्शियल जीपीएसची शेवटची केंद्रंही बंद केली. लॉरन गेलं तेव्हा लाइटस्क्वेअर्ड दारात होती, हे गेलं तेव्हा लिगाडो. कुणी ठरवून केलं असं नाही, पण योग मजेशीर आहे.

सप्टेंबर २०२२ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमींचा अहवाल आला आणि दोन्ही बाजूंनी तो आपलाच म्हणून मिरवला. बहुतेक सर्वसाधारण रिसीव्हरना लिगाडोचा त्रास होणार नाही, असं त्यात होतं. म्हणजे स्वस्त चार्टप्लॉटर (पडद्यावर नकाशा आणि आपली जागा दाखवणारं यंत्र) घेऊन फिरणाऱ्याची भीती काहीशी जास्तच होती. पण मोजणीच्या कामातले अतिअचूक रिसीव्हर आणि इरिडियम उपग्रह फोन यांना त्रास होऊ शकतो, असंही होतं. इरिडियम हा किनाऱ्यापासून लांब जाणाऱ्या बोटींचा मदतीसाठीचा फोन. लिगाडोनं व्हर्जिनियातली नियोजित चाचणी सोडून दिली, ऑक्टोबर २०२३ मध्ये सरकारवर ३९ अब्ज डॉलरचा दावा ठोकला, आणि अखेर सुरुवातीला सांगितलेला दिवाळखोरीचा अर्ज आला.

अर्जाबरोबरच करार जाहीर झाला: लिगाडोचा लहरपट्टा एएसटी स्पेसमोबाइल ही कंपनी वापरेल, उपग्रहावरून थेट फोनशी बोलण्यासाठी. मनोरे नाहीत. पट्टा मुळात ज्यासाठी राखला होता तिकडेच, फिरून आकाशात चालला.

बोटीवरच्या दुसऱ्या दोरीचं काय झालं? सागरी नकाशे काढणाऱ्या नोआ या सरकारी संस्थेनं २०१९ मध्ये पारंपरिक कागदी नकाशे टप्प्याटप्प्यानं बंद करायला घेतले होते. ते काम लिगाडोच्या दिवाळखोरीच्या आगेमागेच, २०२४-२५च्या हिवाळ्यात उरकलं. कागद हवाच असेल तर हवा तेवढा भाग संगणकावर निवडून आपला आपण छापून घ्यावा, अशी सोय नोआनं ठेवली आहे.