दिवानिद्रा-संक्रमण, बालकांचे

दिवानिद्रा-संक्रमण : साधारणपणे एक ते दीड वर्षाच्या वयात बालकाची दिवसाची झोप दोन वेळांवरून एका वेळेवर येण्याची प्रक्रिया. यात सकाळची झोप सुटते, दुपारची लांबते आणि रात्री झोपण्याची वेळ काही काळ अलीकडे सरकते. ही प्रक्रिया बहुधा दोन ते सहा आठवडे चालते. त्या काळात एक दिवस दोन झोपांचा, तर पुढचा एका झोपेचा, अशी सरमिसळ दिसते आणि ती विकृती समजली जात नाही.

प्रौढांची वामकुक्षी आणि बालकाची दिवसाची झोप या एका जातीच्या गोष्टी नाहीत, हे आरंभीच स्पष्ट केलेले बरे. वामकुक्षी चुकली तर प्रौढ माणूस रात्रीपर्यंत निभावून नेतो. एक वर्षाच्या मुलाची दिवसाची झोप हा त्याच्या २४ तासांच्या गरजेचाच भाग असतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक तत्त्वांत १–२ वर्षे वयासाठी ११ ते १४ तास झोप सांगितली आहे, ती दिवसाची झोप धरूनच. ४ ते ११ महिन्यांसाठी हाच आकडा १२ ते १६ तास आहे. पहिल्या वाढदिवसाला आकड्यांची चौकट बदलते, मुलाची झोप मात्र त्या दिवशी बदलत नाही. पालकांचा बराचसा गोंधळ येथूनच सुरू होतो.

कालमान : नवजात अर्भकाची झोप दिवस-रात्र विखुरलेली असते. नॅथनिएल क्लाइटमन व थिओडोर एंगलमन यांनी १९५३ मध्ये १९ अर्भकांच्या तिसऱ्या ते सव्विसाव्या आठवड्यांच्या नोंदी प्रसिद्ध केल्या. झोप हळूहळू रात्रीकडे गोळा होत जाते, हे त्यांतून प्रथमच नीट दिसले. दोन-तीन महिन्यांच्या सुमारास दिवस-रात्रीचा जैविक ताल आकार घेऊ लागतो. सहा ते नऊ महिन्यांच्या दरम्यान दिवसाच्या तीन झोपांच्या दोन होतात. पहिल्या वाढदिवसाला बहुसंख्य मुले दोनदाच झोपतात, दीड वर्षाला बहुसंख्य एकदा. मधल्या सहा महिन्यांत नेमके कधी, याबाबत मुलामुलांत मोठी तफावत आढळते. १३ ते १८ महिने हा सामान्यपणे दिला जाणारा पल्ला या तफावतीमुळेच इतका रुंद आहे.

झ्यूरिक येथील दीर्घकालीन पाहणीवर आधारलेला व २००३ मध्ये प्रसिद्ध झालेला ईग्लोश्टाइन, येनी, मोलिनारी व लार्गो यांचा अभ्यास या विषयातला पायाभूत मानला जातो. त्यात ४९३ मुलांची माहिती आहे. एकूण झोपेची सरासरी एका वर्षाला सुमारे १३.९ तास आणि दोन वर्षांना सुमारे १३.२ तास येते, म्हणजे वर्षभरात पाऊण तासाच्या आतबाहेर घट. तेव्हा एक झोप सुटली म्हणून एक-दीड तासाची झोप नाहीशी होत नाही. तिचा मोठा वाटा दुपारच्या झोपेत जाऊन मिळतो. याच अभ्यासानुसार दीड वर्षाची ९६.४ टक्के मुले दिवसा झोपत होती, चार वर्षांची ३५.४ टक्के. स्टॅटन व सहकाऱ्यांनी २०२० मध्ये अनेक अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला. त्यातही दोन वर्षांपूर्वी दिवसाची झोप पूर्णपणे सोडणारी मुले २.५ टक्क्यांहून कमी निघाली. पंधरा महिन्यांचे मूल चार दिवस दुपारी झोपले नाही, म्हणून ‘याची दिवसाची झोप सुटली’ असा निष्कर्ष काढणे जवळजवळ नेहमीच चुकीचे ठरते.

कारणमीमांसा : संक्रमण का घडते, यावर एकमत नाही. बहुतेक विवेचने अलेक्झांडर बोर्बेली यांनी १९८२ मध्ये मांडलेल्या द्वि-प्रक्रिया प्रतिमानावर उभी आहेत. या प्रतिमानानुसार झोप दोन घटकांच्या मेळातून येते. पहिला निद्रादाब. जागेपणी तो साचत जातो आणि झोपेत ओसरतो. मेंदूत ॲडेनोसीन साचणे हे त्याचे एक रासायनिक अंग समजले जाते. दुसरा घटक म्हणजे सुमारे २४ तासांचा जैविक ताल. प्रकाशाशी जुळवून घेणारे मेंदूतील केंद्र त्याचे नियमन करते. लहान मुलात निद्रादाब फार वेगाने चढतो. नऊ महिन्यांच्या मुलाला अडीच-तीन तासांत पेंग येते ती यामुळे. वयाबरोबर चढण्याचा वेग मंदावतो आणि तोच दाब साचायला पाच-सहा तास लागतात. दिवसाच्या जागेपणाचे तीन तुकडे मोडून दोन मोठे तुकडे होतात व मधली एकच झोप उरते.

हे स्पष्टीकरण सर्वांत भक्कम दिसते, पण एका प्रश्नाला ते पुरे पडत नाही. दोन झोपांपैकी सकाळचीच का सुटते? दाबाचा चढ मंदावणे हे एकच कारण असते, तर दोन्ही झोपा सारख्याच आखूड व्हायला हव्या होत्या. यावर एक जुने उत्तर असे, की सकाळची झोप ही रात्रीच्या झोपेचे शेपूट आहे. प्रौढांच्या दिवसाच्या झोपेचे अभ्यास झाले आहेत. सकाळच्या झोपेत जलद नेत्रचलनाची (स्वप्नांची) झोप अधिक आणि दुपारनंतरच्या झोपेत गाढ, मंदतरंगी झोप अधिक, असे त्यांत दिसले. मार्क वाइसब्लुथ यांच्यासारख्या बालरोगतज्ज्ञांनी बालकांच्या सकाळच्या झोपेकडेही याच दृष्टीने पाहिले. रात्रीची झोप सलग व पुरेशी झाली, की हे शेपूट आपोआप गळते, असा त्याचा अर्थ. दुपारच्या झोपेला मात्र जैविक तालातल्या दुपारच्या उताराचा आधार असतो. हा उतार प्रौढांतही टिकून असतो, म्हणून ती झोप आणखी दोन-तीन वर्षे टिकते. प्रौढांवरचे निष्कर्ष एक वर्षाच्या मुलाला जसेच्या तसे लावणे धोक्याचे असले, तरी सकाळची झोप आधी का सुटते याचे याहून सरळ उत्तर अद्याप पुढे आलेले नाही.

दुसरा विचारप्रवाह स्मृतीवर भर देतो. रिबेका गोमेझ व सहकाऱ्यांनी २००६ मध्ये १५ महिन्यांच्या बालकांना एका कृत्रिम भाषेतील शब्दमालिका ऐकवल्या. ऐकल्यानंतर काही तासांत झोप घेतलेल्या मुलांनी त्या मालिकांमागचा नियम पकडला. न झोपलेल्यांना तो पकडता आला नाही. झाबिने झेहागेन व सहकाऱ्यांच्या २०१५ मधील प्रयोगात ६ व १२ महिन्यांची बालके होती. शिकवल्यापासून चार तासांच्या आत निदान अर्धा तास सलग झोपलेल्यांनाच पाहिलेली कृती नंतर करून दाखवता आली. या धाग्यावरून रिबेका स्पेन्सर व ट्रेसी रिगिन्स यांनी २०२२ मध्ये असे गृहीतक मांडले, की लहान वयात मेंदूतील अश्वमीन (हिप्पोकॅम्पस) अपरिपक्व असल्याने त्याची साठवण लवकर भरते. झोप घेऊन ती रिकामी करावी लागते. तो परिपक्व झाला, की दोन झोपांमधले अंतर वाढते. मांडणी आकर्षक आहे, पण तिचा मुख्य आधार तीन ते पाच वर्षांच्या, म्हणजे दिवसाची झोप अजिबात सोडणाऱ्या मुलांच्या अभ्यासाचा आहे. दोनावरून एकावर येण्याला ती कितपत लागू पडते, हे सावधपणेच म्हणावे लागते. निद्रादाब व स्मृती ही दोन स्पष्टीकरणे परस्परविरोधी मानण्याचेही कारण नाही. साठवण भरणे हे दाब चढण्याचेच एक रूप असू शकते.

तिसरे मत अधिक रोखठोक आहे: संक्रमण मेंदू ठरवत नाही, घड्याळ ठरवते. पाळणाघरात सर्व मुलांना जेवणानंतर एकाच वेळी निजवले जाते. घरी मोठे भावंड असेल, तर त्याच्या शाळेच्या वेळेशी सकाळची झोप आदळते. जोडी मिंडेल व सहकाऱ्यांनी २०१० मध्ये १७ देश-प्रदेशांतील २९,२८७ मुलांची पाहणी प्रसिद्ध केली. रात्री झोपण्याच्या सरासरी वेळेत त्यांना जवळपास तीन तासांची तफावत आढळली. जीवशास्त्र एकच असताना इतकी तफावत पडते, यावरून रीतीचा वाटा मोठा आहे हे मान्य करावे लागते. तथापि रीत फार तर संक्रमण काही आठवडे अलीकडे किंवा पलीकडे ओढू शकते. दहा महिन्यांच्या मुलाला ती एका झोपेवर आणू पाहते, तेव्हा संध्याकाळच्या किरकिरीत तिची मर्यादा उघड होते.

दिवसाची आणि रात्रीची झोप : दुपारी जास्त झोपल्यास रात्री उशीर होतो, या घरगुती अनुभवाला आधार आहे. सुमारे दीड वर्षाच्या ५० निरोगी बालकांच्या हालचाली सात दिवस यंत्राने नोंदवून केलेला एक जपानी अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. दिवसाची झोप जितकी लांब आणि जितकी उशिरा संपणारी, तितकी रात्रीची झोप आखूड व उशिरा, असे त्यात आढळले. येथे झोप किती वेळ घेतली याइतकेच ती किती वाजता संपली हेही महत्त्वाचे ठरते, आणि व्यवहारात नेमके तेच विसरले जाते. उलट बाजू अशी, की झोप चुकवल्याने रात्र सुधारतेच असे नाही. अडीच-तीन वर्षांच्या मुलांवरील एका छोट्या प्रयोगात दुपारची झोप हुकलेल्या मुलांच्या चेहऱ्यावर आनंदाचे भाव कमी आणि चिंतेचे अधिक दिसले (२०१२). थोर्प व सहकाऱ्यांच्या २०१५ मधील आढाव्यात दिवसाची झोप व उशिरा लागणारी रात्रीची झोप यांचा संबंध दाखवला आहे, पण तो दोन वर्षांनंतरच्या वयाबाबत. त्याच्या आधारे एक वर्षाच्या मुलाची झोप कमी करावी, असा सल्ला देणे त्या आढाव्याचा विपर्यास होय.

लक्षणे : वयापेक्षा लक्षणे अधिक विश्वसनीय मानावीत, असा बहुतेक तज्ज्ञांचा कल आहे. मूल सकाळी सहज झोपते पण दुपारी अंथरुणात लोळत, खेळत राहते. दोन्ही झोपा झाल्याच, तर रात्री साडेआठ-नऊपर्यंत डोळा लागत नाही. पहाटे पाचला ते टक्क जागे होते. मध्यरात्री उठून न रडता तास-दीड तास जागते. यांपैकी काही गोष्टी सलग दहा ते चौदा दिवस दिसल्या, तरच संक्रमण जवळ आले असे समजतात. दात येणे, सर्दी-ताप, नुकतेच चालू लागणे, आई-वडिलांपासून दूर होण्याची या वयातली भीती, प्रवास, नवे घर यांमुळेही झोप आठवडाभर बिघडते व पुन्हा रुळावर येते. बाराव्या महिन्याच्या आसपासचा असा बिघाड ‘झोपेची पीछेहाट’ या नावाने ओळखला जातो. ही लोकप्रिय संज्ञा आहे, वैद्यकीय निदान नव्हे. तिला संक्रमण समजून सकाळची झोप घाईने बंद केली जाते आणि महिनाभराने ती परत आणावी लागते, असे पुष्कळदा घडते. ‘जागृतिकाल’, म्हणजे दोन झोपांमधील जागेपणाचा ठरावीक अवधी, हीही अशीच व्यवहारातून आलेली संज्ञा आहे. तिच्या तक्त्यांतील मिनिटांची अचूकता फसवी असते.

वेळ बदलण्याची रीत : सकाळची झोप एकदम बंद न करता दर दोन-तीन दिवसांनी १५ ते ३० मिनिटे पुढे सरकवतात. साडेनऊची झोप दहा, साडेदहा, अकरा असे करीत बाराच्या सुमारास आली, की तीच दिवसाची एकमेव झोप होते. त्याबरोबर जेवणही अलीकडे घ्यावे लागते, नाहीतर मूल ताटावरच पेंगते. दुसरी रीत अशी, की सकाळची झोप जागेवर ठेवून ती अर्ध्या तासात आटोपती घ्यायची, म्हणजे दुपारच्या झोपेला पुरेसा दाब उरतो. दुसऱ्या झोपेला सतत नकार देणाऱ्या, पण एका झोपेवर संध्याकाळ न काढू शकणाऱ्या मुलाला ही रीत मानवते. बदलाच्या दिवसांत रात्री झोपण्याची वेळ अर्धा ते एक तास अलीकडे आणणे हा सर्वांत उपयुक्त आणि सर्वांत कमी वापरला जाणारा उपाय होय. लवकर निजवले तर पहाटे लवकर उठेल या भीतीने पालक तो टाळतात. प्रत्यक्षात या वयातले अतिथकलेले मूल झोपायला अधिक त्रास देते. सकाळी उठण्याची वेळ मात्र शक्यतो स्थिर ठेवावी. सकाळचा उजेड व ठरलेली वेळ यांनी जैविक ताल पक्का होतो.

घडी बसल्यावर दिवस साधारण असा दिसतो : सकाळी साडेसहाला उठणे, दुपारी १२ ते २ किंवा अडीचपर्यंत झोप, रात्री ७ ते साडेसातला निजणे. पहिले काही आठवडे ही झोप पाऊण तासातच मोडू शकते. ती लांबायला वेळ लागतो. सुरुवातीच्या काळात प्रवासाच्या किंवा आजारपणाच्या दिवशी पुन्हा दोन झोपा दिल्याने घडी मोडत नाही.

विशेष बाबी : अकाली जन्मलेल्या बालकांचे वय अपेक्षित प्रसूतिदिनांकापासून मोजून अंदाज बांधतात. जुळ्यांत एकाचे संक्रमण आधी होणे नेहमीचेच. त्या वेळी मागे राहिलेल्याच्या गतीने चालतात. झोपेत नेहमी घोरणे, श्वास अडखळणे, सतत अस्वस्थ झोप किंवा पुरेसे झोपूनही दिवसभर मलूल राहणे या गोष्टी वेळापत्रकाच्या कक्षेत येत नाहीत. त्यांसाठी वैद्यकीय तपासणी लागते. लोहाची कमतरता हे अस्वस्थ झोपेचे एक ज्ञात कारण आहे. या वयात झोपेसाठी गुंगी आणणारी औषधे वैद्यकीय सल्ल्याशिवाय देऊ नयेत.