चॅनल बदलला, मग टोन का नाही बदलला?

गणपती जवळ आले की मुंबईतल्या ऑर्केस्ट्राच्या तालमींत एक वाक्य हमखास कानावर येतं : "सतारीला चॅनल तीन लाव." कीबोर्डवाला कंट्रोलरचा (म्हणजे स्वतःचा आवाज नसलेला, दुसऱ्या यंत्राला किंवा लॅपटॉपला मिडी या भाषेत निरोप पाठवणारा कीबोर्ड) मिडी चॅनल तीनवर नेतो. पियानो तसाच वाजत राहतो, नाहीतर सगळं चिडीचूप होतं. मग केबल हलवून बघायची, लॅपटॉप रीस्टार्ट करायचा आणि शेवटी कंट्रोलरच्या नावाने खडे फोडायचे. कंट्रोलरने सांगितलेलं काम चोख केलेलं असतं. सांगायचं होतं भलतंच.

टोन बदलणं सगळ्यांना येतं, ते आधी उरकू. टोन, व्हॉइस, पॅच, कंपनीगणिक नाव वेगळं. तो बदलायला प्रोग्रॅम चेंज हा दोन बाइटचा संदेश जातो आणि त्यातल्या दुसऱ्या बाइटमध्ये ० ते १२७ पैकी एक आकडा असतो. १२८ टोन पुरत नसतील तर त्याआधी बँक, म्हणजे टोनचा गठ्ठा, सांगायची : सीसी (कंट्रोल चेंज हा संदेश) ०, मग सीसी ३२, मग प्रोग्रॅम चेंज. नुसती बँक पाठवून आवाज बदलत नाही, समोरचं यंत्र प्रोग्रॅम चेंजची वाट बघत थांबतं. आणि मोजणीचा घोळ : जनरल मिडी या ठरलेल्या टोन-यादीत सतार १०५ वर, सनई ११२ वर आहे, पण वायरमधून १०४ आणि १११ जातात. कंट्रोलर शून्यापासून मोजणारा असेल आणि तुम्ही सरळ १०५ दाबलंत, तर सतारीऐवजी बँजो हजर.

आता चॅनल. स्टेजवर सोळा वादक ओळीने बसलेत असं समजा. "बासरी ठेव, सनई उचल" हा झाला प्रोग्रॅम चेंज. हे सोळांपैकी कोणाला उद्देशून बोललात, तो चॅनल. चॅनल स्वतः काहीच वाजवत नाही, तो फक्त पत्ता आहे. आणि तो वेगळा पाठवला जात नाही, प्रत्येक संदेशाच्या पहिल्या बाइटमध्येच बसलेला असतो. चॅनल एकवर पट्टी दाबली की १४४ जातो, दोनवर १४५, तीनवर १४६, असं सोळापर्यंत १५९. प्रोग्रॅम चेंजचे आकडे तसेच १९२ ते २०७. कंट्रोलरवर चॅनल बदलता त्या क्षणी वायरमधून बहुतेक वेळा काहीही जात नाही. पुढची पट्टी दाबाल तेव्हा तिच्यावरचा पत्ता वेगळा असतो, एवढंच. समोरच्याला "काही बदललं" असा निरोपच गेलेला नाही, तर तो टोन कशाला बदलेल?

म्हणून त्याच बटणाचे तीन वेगळे परिणाम दिसतात. समोरचं यंत्र ऑम्नीवर असेल, म्हणजे सगळ्या चॅनलचं ऐकत असेल, तर काहीच फरक पडत नाही. ते फक्त चॅनल एकवर कान लावून बसलं असेल, तर शांतता. आणि मल्टिटिंब्रल मॉड्यूल, म्हणजे एकाच वेळी अनेक टोन वाजवणारी आवाजाची पेटी असेल, ज्यात चॅनल एकवर पियानो, दोनवर स्ट्रिंग्ज, तीनवर सतार आधीच लावून ठेवलीय, तर आवाज खरोखर बदलतो. सगळा गैरसमज या तिसऱ्या प्रकाराने पसरवला. अशा मॉड्यूलवर शिकलेला माणूस तेच ज्ञान सॉफ्टवेअरवाल्याला देतो, जिथे एकच प्लगइन (लॅपटॉपमधलं सॉफ्टवेअर-वाद्य) ऑम्नीवर उघडलेलं असतं. तिथे सतार हवी असेल तर ती प्लगइनमध्येच निवडा, किंवा दुसरं प्लगइन उघडून त्याचा रिसीव्ह चॅनल तीन करा. पुष्कळ प्लगइन प्रोग्रॅम चेंजकडे ढुंकूनही बघत नाहीत, हेही लक्षात असू द्या.

चालू गाण्यात चॅनल बदलून टोन बदलायची सवय तर मोडायलाच हवी. कॉर्ड दाबून धरलेली असताना चॅनल एकवरून तीनवर गेलात आणि मग बोटं उचललीत, तर साध्या कंट्रोलरवर नोट ऑफ, म्हणजे पट्टी सोडल्याचा निरोप, तीनवर जातो. एकवरची कॉर्ड बोंबलत राहते. सस्टेन पेडलचंही तेच. दाबलेलं सीसी ६४ एकवर अडकतं, सोडल्याचा निरोप तीनला मिळतो. बरं, सीसी १२३ म्हणजे ऑल नोट्स ऑफ पाठवलंत तरी पेडल दाबलेला असेपर्यंत आवाज लोंबकळतोच. आधी त्याच जुन्या चॅनलवर सीसी ६४ शून्य करायला लागतो. शिवाजी मंदिरात हाऊसफुल्ल प्रेक्षकांसमोर हे कोण करत बसणार?

चॅनल बदलायचाच असेल तर गाणी सुरू होण्याआधी बदला. पट्ट्यांवरून हात आणि पेडलवरून पाय काढा. बहुतेक ४९ आणि ६१ पट्ट्यांच्या कंट्रोलरवर शिफ्ट, फंक्शन किंवा अॅडव्हान्स्ड असं एक बटण असतं. ते दाबून, पट्ट्यांच्या वर जिथे मिडी चॅनल छापलंय ती पट्टी दाबायची, मग आकड्यांच्या पट्ट्यांनी चॅनल टाकून एंटर. काहींवर सोळा चॅनलच्या सोळा पट्ट्याच असतात, तिथे एंटर लागत नाही. मग कानावर विसंबू नका, विंडोजवर मिडी-ऑक्स किंवा मॅकवर मिडी मॉनिटर उघडून मधला सा दाबा, म्हणजे पांढरी एकची मिडल सी. १४६ ६० (हेक्समध्ये 92 3C) आणि पुढे पट्टी किती जोरात दाबली त्याचा आकडा दिसला की चॅनल तीन पक्का. (हे प्रोग्रॅम चॅनल सरळ १ ते १६ मध्येही दाखवतात.) शेवटी प्रीसेट सेव्ह करा. नाही केलात तर पुष्कळ कंट्रोलर बंद करून चालू केल्यावर पुन्हा एकवर येतात.

चॅनल १० जपून. जनरल मिडीने १९९१ मध्ये तो तालवाद्यांना देऊन टाकला. चुकून तिथे पोचलात तर ३६ नंबरच्या पट्टीवर किक, ३८ वर स्नेअर, आणि "कीबोर्ड बिघडला" म्हणून लॅमिंग्टन रोडची फेरी. ऑक्टोपॅड, म्हणजे काठ्यांनी वाजवायचं इलेक्ट्रॉनिक तालवाद्य, त्याच मॉड्यूलला दहावर जोडलाय का, हेही आधी बघा.

मिक्सरवरचा चॅनल वेगळा, तो साउंडवाल्याचा. एफएल स्टुडिओमधला चॅनल म्हणजे वाद्याची एक ओळ, तोही मिडी चॅनल नव्हे.

दोन टोन एकाच वेळी हवे असतील तर स्प्लिट किंवा झोन वापरा : डावा हात चॅनल दोनवर बेस, उजवा एकवर लीड. टोन प्रोग्रॅम चेंजने बदला आणि कंट्रोलरचा मुख्य चॅनल एकवर ठेवून त्याला हात लावू नका. सोळा चॅनलही पुरेनासे झाले तर सतरावा शोधू नका, तो नसतो. दुसरा मिडी पोर्ट घ्या, त्यावर नवे सोळा मिळतात.