एका देठाला दोन घाटे

थंडीत सोलापुरात रस्त्याकडेला हरभऱ्याचे डहाळे विकायला येतात. जुडी उलटसुलट करून पाहा, बहुतेक एका देठाला एकच घाटा. ‘जेजी ६२’ वाणाला मात्र जोडीने घाटे लागतात. तो मर रोगाला पटकन बळी पडतो, ही त्याची गोची. या वाणाचा राहुरीच्या ‘विजय’ वाणाशी झालेला संकर आणि ‘विजय’चा ‘आयसीसी ४९५८’ या हरभऱ्याशी झालेला दुसरा संकर, यांच्या पुढच्या पिढ्यांवरून पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आणि राहुरी कृषी विद्यापीठातल्या संशोधकांनी २००७ मध्ये हरभऱ्याचा जनुकीय नकाशा मांडला. जोडघाटे, घाट्यातले दाणे, उत्पन्न यांच्याशी निगडित डीएनएवरच्या जागा त्यात शोधल्या होत्या.

सहज ओळखता येणाऱ्या खुणेवरून तिच्या शेजारचे जनुक शोधायचे, ही कल्पना जुनीच, आणि तीही कडधान्यातूनच आलेली. १९२३ मध्ये कार्ल सॅक्स यांना राजमाच्या वर्गातल्या घेवड्यात रंगीत दाणे पांढऱ्यांपेक्षा वजनदार आढळले. रंग ही नुसती खूण. वजनाचे जनुक तिच्या शेजारी. पण डोळ्यांना दिसतील अशा खुणा असतात तरी किती? १९८० नंतर डीएनएतलेच फरक खुणा म्हणून वापरता येऊ लागले, तेव्हा कुठे कामाला वेग आला.

अशा खुणेला मार्कर म्हणतात. तरी ‘उत्पन्नाचा मार्कर’ हा शब्द मला जरा फसवा वाटतो. उत्पन्न म्हणजे फांद्या, घाटे, दाण्याचे वजन आणि पाणी यांचा एकत्र हिशेब. एका शेतात सापडलेली जागा दुसऱ्या शेतात हाती लागेलच असे नाही. सोलापूरचा कोरडवाहू हरभरा तर मागच्या पावसाच्या ओलीवर वाढतो, आणि दाणा भरायच्या वेळी काळ्या रानाला भेगा पडलेल्या असतात. इथे १९३३ पासून कोरडवाहू शेतीचे संशोधन चालते, ते उगाच नाही.

म्हणून मला ‘आयसीसी ४९५८’ची खोल मुळे जास्त महत्त्वाची वाटतात. सोलापूर-हैदराबाद रस्त्यावरच्या पाटणचेरूतील इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय कोरडवाहू पीक संशोधन संस्थेने मुळे, दाण्याचे वजन अशा अनेक गुणांच्या जागा चौथ्या जोडगटावर (जोडगट म्हणजे वारशाने सहसा एकत्र जाणाऱ्या जनुकांचा गट) एकाच पट्ट्यात दाखवल्या. दिल्लीच्या कृषी संशोधन संस्थेने तो पट्टा ‘पुसा ३७२’मध्ये आणून ‘पुसा १०२१६’ वाण काढला. एरवी मूळ मोजायचे तर झाड उंच नळकांड्यात वाढवायचे, माती धुऊन काढायची, मग एकेक तंतू सोडवायचा. मार्करला कोवळ्या रोपाचे एक पान पुरते, आणि रोप जिवंत राहते.