शीरखुर्म्याचं सामान: चांदरातीच्या आधी वाचावं असं थोडंसं

ग्राहक बंधू-भगिनींनो,

रमजानचा तिसरा अशरा, म्हणजे शेवटचे दहा दिवस, लागला की गणपती पेठेतल्या आमच्या दुकानात दिवसभर एकच विचारणा असते, "ईद कधी हो?" आमचं उत्तरही ठरलेलं: चांद दिसेल तेव्हा. २९व्या रोज्याला मगरीबच्या (सूर्यास्ताच्या नमाजाच्या) सुमारास चांद दिसला तर दुसऱ्या दिवशी ईद, नाहीतर ३० रोजे पुरे करायचे. पण दिसला, की तासाभरात अख्खी सांगली पेठेत उतरते. त्या रेट्यात कुणाला चारोळी निवडून देणं आमच्याच्याने होत नाही, हे आधीच सांगितलेलं बरं. सुकं सामान सत्ताविसाव्या रात्रीच्या आत नेऊन ठेवा. दूध तेवढं आयत्या वेळी.

आता बेदाण्याविषयी, कारण तो आपल्या घरचा. हिजरी (चांद्र) वर्ष दरवर्षी सुमारे ११ दिवस अलीकडे सरकतं. २०१० ची ईद सप्टेंबरात होती, तेव्हा कोल्ड स्टोरेजमधला माल घ्यावा लागायचा. हल्ली रमजान द्राक्षाच्या हंगामात येतो आणि तासगाव-सांगलीच्या सौद्यांतून नवा बेदाणा थेट शीरखुर्म्यात पडतो. (पाडवाही जवळच. २०२५ मध्ये ३० मार्चला पाडवा आणि ३१ ला ईद. एकाच काउंटरवर साखरेच्या गाठी आणि शेवया.)

द्राक्षं डिपिंग ऑइल (द्राक्षं लवकर वाळावीत म्हणून वापरायचं तेल) आणि पोटॅशियम कार्बोनेटच्या पाण्यात बुडवून शेडमध्ये जाळीवर सावलीत वाळवली, की हिरवा बेदाणा होतो. पिवळ्याला गंधकाची धुरी दिलेली असते. पिवळा दिसतो देखणा, पण शीरखुर्म्याला आम्ही हिरवाच सुचवतो. मूठभर बेदाणा दाबून सोडा: दाणे सुटे झाले पाहिजेत. गोळा झाला तर माल ओलसर आहे, आमच्याकडचा असला तरी घेऊ नका.

चारोळी महाग, म्हणून तिची परीक्षा आधी. दोन दाणे चावून बघा, जिभेवर कडवट, खवट तेल आलं तर सगळं पातेलं वाया जाईल. काउंटरवर चव घ्यायला आम्ही कधी नाही म्हणत नाही. रोजा असेल तर नुसता वास घ्या, तेवढ्यानेही कळतं.

दरवर्षी तक्रार येते ती दूध फाटल्याची. दोष बहुधा दुधाचा नसतो. बेदाण्यात आंबटपणा असतो, तो उकळत्या दुधात टाकला की दूध नासतं. बेदाणा कोमट पाण्यात धुवा, फडक्यावर कोरडा करा, तुपात फुगेपर्यंत परता आणि गॅस बंद करून दूध जरा निवलं की मगच घाला. खारीक मात्र रात्रीच भिजत टाका, सकाळी बिया काढून लांब चिरा आणि दुधात चांगली शिजू द्या. लिटरभर दुधाला मूठभर बारीक शेवया पुष्कळ झाल्या. जास्त घातल्या तर दुपारपर्यंत चमच्याने कापावा लागेल असा गोळा होतो, आणि पाहुणे तर तेव्हाच यायला लागतात.

तरावीहमध्ये (रमजानमधल्या रात्रीच्या खास नमाजात) कुराण वाचून खत्म, म्हणजे पूर्ण, होण्याच्या रात्री वाटायला खजूर किंवा मिठाईची पाकिटं हवी असतील तर दोन दिवस आधी सांगा.

फितरा, म्हणजे ईदनिमित्त गरिबांना द्यायचं दान, ईदच्या नमाजाआधी पोचला पाहिजे, म्हणजे गरिबाच्या घरीही ईद होते. तो गव्हाच्या हिशोबाने अर्धा साअ (धान्याचं जुनं माप), तर जव, खजूर किंवा बेदाण्याच्या हिशोबाने पूर्ण एक साअ धरतात. ऐपत असलेली काही घरं मुद्दाम बेदाण्याचा भाव धरून देतात. किलोत वजन किती, ते आपल्या मशिदीत विचारून या. त्या दिवशीचा भाव आम्ही चिठ्ठीवर लिहून देऊ, त्यासाठी आमच्याकडूनच खरेदी करावी असं काही नाही.

शेवटचे दहा दिवस दुकान तरावीहनंतरही उघडं असतं. बंद पाकीट ईदनंतर आठवडाभरात परत घेऊ. फोडलेल्या शेवया आणि सुटी चारोळी तेवढी परत घेत नाही.