समन्यायी बँडविड्थ वाटप

एकाच मूळ लाइनवरील अनेक इंटरनेट ग्राहकांमध्ये तिची क्षमता (बँडविड्थ) पॅकेटांच्या, म्हणजे डेटाच्या छोट्या तुकड्यांच्या, रांगा लावून वाटण्याची पद्धत. लाइन मोकळी असताना ती जाणवतही नाही. मागणी क्षमतेपेक्षा वाढली की कोणाचे पॅकेट आधी सोडायचे, कोणाचे थांबवायचे आणि कोणाचे टाकून द्यायचे, हे ती ठरवते. नाशिकच्या सिडको, इंदिरानगर, पंचवटी अशा दाट वस्तीत स्थानिक केबलचालकाची एक लाइन अनेक घरांत विभागली जाते, तिथे हा प्रश्न रात्रीच्या जेवणानंतर रोज उभा राहतो.

सगळ्यांची पॅकेटे एकाच रांगेत, आली तशी सोडली, तर जो जास्त ओढतो त्याला जास्त मिळते. शिवाय रांग लांबते. १० एमबीपीएसच्या (सेकंदाला १० मेगाबिट) लाइनपुढे १,५०० बाइटची १,००० पॅकेटे साचली, तर मागून आलेल्या पॅकेटाला १.२ सेकंद थांबावे लागते. व्हिडिओ कॉलला लागणारा वेग थोडाच असतो, तरी एवढ्या उशिराने तो तुटक होतो. म्हणून ‘नेट स्लो आहे’ या तक्रारीचे मूळ पुष्कळदा वेगात नसून थांबण्यात असते.

यावर जॉन नेगल यांनी १९८५ मध्ये उपाय सुचवला: पाठवणाऱ्या प्रत्येक संगणकाची रांग वेगळी ठेवायची आणि रांगांतून आळीपाळीने एकेक पॅकेट सोडायचे. त्यात ज्याची पॅकेटे मोठी त्याचा फायदा होई. ॲलन डेमर्स, श्रीनिवासन केशव व स्कॉट शेंकर यांनी १९८९ मध्ये, वाटप एकेका बिटने झाले असते तर कोणते पॅकेट आधी संपले असते याचा हिशेब करून तो क्रम लावला. पद्धत चोख, पण वेगवान राउटरला (पॅकेटे पुढे पाठवणाऱ्या यंत्राला) दर पॅकेटामागे एवढी आकडेमोड जड जाते. १९९५ मध्ये एम. श्रीधर आणि मुंबई आयआयटीचे माजी विद्यार्थी जॉर्ज वर्गीस यांनी सोपी वाट काढली. प्रत्येक रांगेला दर फेरीत ठरावीक बाइट मिळतात. पुढचे पॅकेट त्यात मावले नाही तर उरलेले बाइट पुढच्या फेरीसाठी जमा राहतात.

वाटप समन्यायी म्हणजे सर्वांना सारखे असे नाही. १०० एमबीपीएसच्या लाइनवर चार घरे आहेत असे समजू: एकाला लासलगावचे कांद्याचे भाव पाहायला ५ पुरतात, दुसऱ्याला २०, तिसऱ्याला ६० आणि चौथ्याला ८० हवे आहेत. प्रत्येकाचा हिस्सा २५. पहिल्या दोघांची गरज त्यातच भागते. उरलेले ७५ बाकीच्या दोघांत ३७.५ प्रमाणे जातात. न वापरलेला हिस्सा वाया जात नाही आणि कमी मागणाऱ्याला मोठ्या मागणीची झळ लागत नाही.

खरा वाद हिस्सेदार कोणाला मानायचे, हा आहे. जोडणीगणिक, म्हणजे ग्राहकाचा संगणक इतर संगणकांशी उघडतो त्या प्रत्येक संपर्कागणिक, वाटप केले तर टोरेंटने फायली उतरवताना एकाच वेळी तीस जोडण्या उघडणारा तीस हिस्से घेतो आणि एका जोडणीवर चित्रपट पाहणाऱ्याला एक मिळतो. कागदावर हेही समानच. बागलाणात मोसम, आरम नद्यांवरच्या फड या सामुदायिक सिंचनपद्धतीत शेतकरी स्वतः पाणी फोडत नाही. ते काम पाटकऱ्याचे. अधिक चाऱ्या खणल्या म्हणून पाणी अधिक मिळत नाही. लाइनवरही हिशेब जोडणीचा नव्हे, ग्राहकाचा हवा. छोट्या केबलचालकांच्या परिचयाच्या मायक्रोटिक राउटरमधील पीसीक्यू ही रांगव्यवस्था ग्राहकाच्या इंटरनेट पत्त्यानुसार रांगा करते. २०१८ मध्ये लिनक्स या संगणक प्रणालीच्या ४.१९ आवृत्तीत आलेली केक ही व्यवस्था आधी घराघरांत आणि मग घरातल्या जोडण्यांत वाटप करू शकते. तिच्यात मुळाशी कोडेल हे तंत्रही आहे: पॅकेटे रांगेत ५ मिलिसेकंदांहून जास्त रेंगाळत राहिली की ते काही टाकून देते, पाठवणारा वेग कमी करतो आणि रांग आखूड राहते.

रांग कुठे आहे यालाही तितकेच महत्त्व. ती कोंडीच्या जागीच हवी. केबलचालकाचा राउटर मूळ लाइनच्या पूर्ण वेगाने पॅकेटे सोडत असेल, तर गर्दी वरच्या कंपनीच्या यंत्रात साचते आणि खालची सगळी मांडणी निष्प्रभ ठरते. म्हणून आपला वेग मुद्दाम किंचित कमी बांधून घेतात. अनेकांना हे नुकसान वाटते, प्रत्यक्षात ताबा मिळवण्याची तीच किंमत. एकच सार्वजनिक इंटरनेट पत्ता अनेक ग्राहकांना दिलेला असेल, तर ग्राहकाचा खासगी पत्ता बदलून तो सार्वजनिक पत्ता लावला जातो; रांग या बदलाच्या आधीच्या, ग्राहकाकडच्या बाजूला ठेवावी लागते. अन्यथा पन्नास घरे एकच ग्राहक दिसतात.

ठरलेला डेटा संपल्यावर महिनाअखेरपर्यंत वेग उतरवणे याहून वेगळे. तिथे लाइन मोकळी असली तरी वेग कमीच राहतो. मोबाइल टॉवरवरही वाटप वेगळ्या तत्त्वाने होते: कोणाचा सिग्नल त्या क्षणी चांगला आहे आणि कोणाला आतापर्यंत किती मिळाले, हे दोन्ही पाहून पाळी लावतात, सिंहस्थात रामकुंडाभोवतीच्या गर्दीला हीच व्यवस्था लागू पडते. आणि मूळ लाइनच ग्राहकसंख्येच्या मानाने अपुरी घेतली असेल, तर कोणतीही रांग फक्त टंचाईचेच समान वाटप करते.