त्रिमितीय पटावरचा हत्ती आणि गाउसची श्रेणी

बुद्धिबळाचा पट सपाट न ठेवता त्याला उंचीही दिली, तर हत्तीला तीन दिशा मिळतात. तो कोपऱ्यातल्या (०,०,०) या घरात उभा आहे आणि त्याला (न,न,न) या घरात पोचायचे आहे. एका चालीत कोणतीही एक दिशा धरायची आणि हवी तितकी घरे पुढे जायचे. मागे फिरायचे नाही. तर एकूण वाटा किती? न = १ असेल तर ६, न = २ असेल तर २२२, न = ३ असेल तर ९९१८. पुढे आकडे झपाट्याने फुगत जातात आणि एकेक वाट मोजणे अशक्य होते.

अशा वेळी गणिती सगळे आकडे एकाच श्रेणीत ओवतात: १ + ६क्ष + २२२क्ष² + ९९१८क्ष³ + … हिला जनक फल म्हणतात. सपाट पटावरच्या हत्तीसाठी (१, २, १४, १०६, …) हे फल एका वर्गमुळात मावते: √((१ − क्ष)/(१ − ९क्ष)) मध्ये १ मिळवा आणि निम्मे करा, झाले. तिसरी मिती आली की हे सुख संपते. तिथे हाती येते ते फक्त एक रेषीय विकल समीकरण, म्हणजे फल, त्याचा उतार, उताराचा उतार यांना बांधणारी अट. हत्तीचे समीकरण तिसऱ्या कोटीचे आहे, पण त्यात मूळ फल स्वतः येतच नाही, नुसते त्याचे विकलक, म्हणजे हे उतार, येतात. म्हणून प्रश्न दुसऱ्या कोटीचा उरतो: पहिला विकलक शोधा, बाकी सारे आपोआप मिळते.

या समीकरणाचा अग्रसहगुणक, म्हणजे सर्वांत वरच्या विकलकाला गुणणारी राशी, आहे क्ष(क्ष−१)(६४क्ष−१)(३क्ष−२)(६क्ष+१). तो जिथे शून्य होतो तिथे, म्हणजे ०, १, १/६४, २/३ आणि −१/६ या ठिकाणी, उकल बिघडण्याची शक्यता असते. यांना विशेष बिंदू म्हणू. त्यात अनंत धरला की सहा होतात. सहा विशेष बिंदूंचे समीकरण पाहून कोणीही सुटकेची आशा सोडेल.

आता तीनच विशेष बिंदूंचे एक जुने समीकरण पाहा. ते ऑयलरला ठाऊक होते आणि १८१२ मध्ये गाउसने त्याच्या उकलीवर सविस्तर प्रबंध सादर केला. गुणोत्तर श्रेढीत लागोपाठच्या पदांचे गुणोत्तर ठरलेले असते. गाउसच्या श्रेणीत ते पदागणिक बदलते, पण शिस्तीने: (न+अ)(न+ब) भागिले (न+क)(न+१), गुणिले क्ष. अ, ब, क या तीन संख्या आपण निवडायच्या. या श्रेणीला हायपरजॉमेट्रिक म्हणतात आणि ती पाळते त्या समीकरणाचे विशेष बिंदू फक्त ०, १ आणि अनंत. या छोट्या चौकटीत कितीतरी काही बसते. लॉगॅरिथम बसतो. लंबकाचा खरा आवर्तकालही बसतो. शाळेतले सूत्र लहान झोक्यापुरते असते आणि ९० अंशांच्या झोक्याला खरा काल त्यापेक्षा सुमारे १८ टक्के जास्त भरतो. तो फरक देणारी श्रेणी हीच, अ = ब = १/२ आणि क = १ घेतलेली.

२०११ मध्ये आलिन बोस्तान, फ्रेदेरिक शिझाक, मार्क फान हूय आणि ल्युसियें पेक यांनी दाखवले की हत्तीचे समीकरण म्हणजे गाउसचेच समीकरण आहे. अ = १/३, ब = २/३, क = २ घ्या. चलाच्या जागी क्ष न ठेवता २७क्ष(२−३क्ष)/(१−४क्ष)³ हे परिमेय फल ठेवा. येणाऱ्या श्रेणीला ६ ने गुणून (१−४क्ष)(१−६४क्ष) ने भागा. हाच हत्तीच्या जनक फलाचा पहिला विकलक. कागदावर दोन-तीन पदे उलगडून पाहण्यासारखी आहेत: ६(१ + ७४क्ष + ४९५९क्ष² + …) मिळते, त्याचे संकलन केले की ६, २२२ आणि ९९१८ समोर येतात. मला हा पडताळा फार आवडतो, कारण यासाठी कॉलेजचे गणितही पुरते.

पण सहा विशेष बिंदू तिनांतून आले कसे? याचे उत्तर त्या परिमेय फलात आहे. ते घात ३ चे आहे, म्हणजे प्रत्येक किंमत साधारणपणे तीन ठिकाणी घेते. ० ही किंमत ते ०, २/३ आणि अनंत येथे घेते. १ ही किंमत १/६४ येथे एकदा आणि १ येथे दुहेरी (दोन ठिकाणे तिथे एकत्र येतात, याला घडी म्हणू) घेते, आणि अनंत ही किंमत फक्त १/४ येथे, पण तिहेरी. गाउसच्या समीकरणाचे अनंतापाशी जे बिघडते त्याचे माप १/३ आहे. तिहेरी घडीने ते १ होते आणि बाहेरच्या भाजकातले (१−४क्ष) हिशेबात धरले की तिथली अडचण पूर्ण विरघळते. म्हणूनच अग्रसहगुणकात (१−४क्ष) नाही. आणि −१/६? तिथे हे फल आणखी एकदा दुमडते, पण ०, १, अनंत सोडून वेगळ्याच किमतीवर. तो विशेष बिंदू फसवा आहे, तिथे उकलीचे काहीच बिघडत नाही.

घडी पडावी ती फक्त ०, १ आणि अनंत यांच्यावरच, दुसरीकडे कुठेही नाही, अशा फलांना बेलयी फले म्हणतात. रशियन गणिती गेनादी बेलयी यांचे त्यांच्याविषयीचे प्रसिद्ध प्रमेय १९७९ चे. सर्वांत साधे उदाहरण ४क्ष(१−क्ष): ० ही किंमत ०, १ येथे, १ ही किंमत १/२ येथे दुहेरी, अनंत ही अनंत येथे दुहेरी. एकूण चार बिंदू. हा योगायोग नाही. घात घ असलेल्या बेलयी फलात ०, १, अनंत यांच्यावर मिळून नेमके घ + २ वेगवेगळे बिंदू असतात. हत्तीच्या फलात पाच हवेत तिथे सहा आहेत. तो एक जादा बिंदू म्हणजेच −१/६ वरच्या वेगळ्या घडीची खूण.

घ + २ या एवढ्याशा नियमात जी ताकद आहे ती मला या विषयातली सर्वांत सुंदर गोष्ट वाटते. समजा गाउसच्या समीकरणाची तीन मापे १/२, १/३ आणि १/७ आहेत, आणि फल बसवल्यावर चारच विशेष बिंदू उरायला हवेत. (चार विशेष बिंदूंचे समीकरण कार्ल होयन यांच्या नावाने ओळखले जाते, ते १८८९ चे.) चार सोडून बाकी सगळे बिंदू निवळायला हवेत, म्हणून पहिल्या किमतीवर सगळ्या घड्या दुहेरी, दुसऱ्यावर तिहेरी, तिसऱ्यावर सातपदरी, आणि उरलेले चार सुटे. घात जास्तीत जास्त किती? बिंदू होतात घ/२ + घ/३ + (घ−४)/७ + ४, आणि ते घ + २ एवढे असायला हवेत. सोडवा: घ = ६०. ताळा पाहा, ३० + २० + ८ + ४ = ६२. याच्या पुढे जागाच नाही.

म्हणजे यादी सांत आहे, आणि सांत यादी पूर्ण करता येते. रायमुंदास विदुनास आणि फान हूय यांनी ती केली. ज्यांच्या मापांची बेरीज १ पेक्षा कमी आहे अशा १/प, १/ल, १/म मापांच्या समीकरणांतून होयनच्या समीकरणाकडे नेणारी सगळी बेलयी फले त्यांनी शोधली: ३६६ गट, सर्वांत मोठा घात ६०. यादी सांत असली तरी काम सोपे नव्हते. घात ६० च्या फलाचे सहगुणक अज्ञात धरून समीकरणे मांडली, तर ती नेहमीच्या संगणकीय पद्धतींच्या आवाक्याबाहेर जातात. त्यांनी उलटा विचार केला: फल बसवल्यावर विकल समीकरण कसे दिसले पाहिजे हे आधीच ठाऊक आहे, मग त्या समीकरणालाच फलाचे सहगुणक सांगू द्यावेत. अशी यादी हाती असली की नवे समीकरण आले तरी त्याच्या विशेष बिंदूंची मापे घ्यायची, यादीत जुळणारे फल शोधायचे आणि आत घालून पाहायचे.

या विचाराचे मूळ बरेच जुने आहे. ज्या समीकरणांच्या सर्व उकली बैजिक, म्हणजे बहुपदी समीकरणांतून येणाऱ्या असतात, ती कोणती हे गाउसच्या समीकरणांपुरते श्वार्ट्‌सने १८७३ मध्ये ठरवले. दुसऱ्या कोटीची बाकीची अशी सगळी समीकरणे श्वार्ट्‌सच्या यादीतूनच परिमेय फल बसवून मिळतात, हे त्यानंतर काही वर्षांतच क्लाइनने दाखवले. उकली बैजिक नसतील तर मात्र अशी हमी नाही. बर्नार्ड ड्वर्क यांचा कयास होता की अंकगणिताच्या एका कडक कसोटीला उतरणारे दुसऱ्या कोटीचे प्रत्येक समीकरण असेच गाउसपर्यंत पोचावे. १९९६ मध्ये डान क्रामर यांनी त्या कसोटीला उतरणारे एक समीकरण पुढे ठेवले. त्याला गाउसपाशी नेणारे कोणतेही फल नाही.